पाच मशिनींचे पाच वाटे

माझ्या पर्समध्ये एखाद्या दिवशी कंगवा नसेल, पण पेन ड्राइव्ह असतो म्हणजे असतोच. तो हरवू नये म्हणून त्याला मी लाल गोंडा बांधला आहे. त्यात अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आहे. पुस्तकाची पानं लावायची, गणिताची समीकरणं नीट उभी करायची, मराठीतली जोडाक्षरं न तोडता छापायची, ही त्याची कामं. ते फुकट मिळतं. जगभरची माणसं मिळून ते बनवतात आणि कोणाकडे काही मागत नाहीत. खालापूर ते कर्जत या पट्ट्यात ज्याला हवं असेल त्याच्या लिनक्सवर, म्हणजे तशाच फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीवर, ते चढवून देणं हा माझा जुना नाद आहे. मी स्कूटरला किल्ली लावली की नवरा विचारतो, आज कोणाला डोस पाजायचाय? ज्याला पन्नाशीनंतर स्वतःचा एकही नाद नाही त्यानं दुसऱ्याच्या नादाला हसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात खोपोलीच्या शिळफाट्यावर झाली. तिथल्या एका छापखान्यात मी लग्नपत्रिका लावायचे. आमच्याकडची पत्रिका म्हणजे नवरा-नवरी कोपऱ्यात आणि सगळा गाव मध्ये. काका, मामा, आत्या, समस्त ग्रामस्थ, क्रिकेटचा संघ, आणि शेवटी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं. एक नाव राहिलं की मांडवात रुसवे, आणि एक नाव वाढलं की अख्खं पान घसरून खाली. ते घसरणारं पान सावरता सावरता माझा पारा चढायचा. अशात कोणीतरी सांगितलं की एक सॉफ्टवेअर आहे, त्याला फक्त काय छापायचं ते सांगायचं, कुठे बसवायचं ते त्याचं ते बघतं. माझा आधी विश्वास बसला नाही. मग मी घरच्या जुन्या मशीनवर ते घ्यायचं ठरवलं.

ते दोन तऱ्हांनी मिळतं हे मला ठाऊक नव्हतं. एक कच्चं, म्हणजे बनवणाऱ्यांनी लिहिलेला मूळ मजकूर, जो आपल्या मशीनवर आपणच बांधून चालता करायचा. दुसरं आधीच बांधून तयार केलेलं. मी हौसेनं कच्चं घेतलं. मशीन सकाळपासून असं घरघरायला लागलं की शेजारीण विचारायला आली, एवढं काय दळताय म्हणून. दुपारी ते एका चुकीवर अडलं, ती मी निस्तरली तर संध्याकाळी दुसरीवर. मी वैतागून वायर उपटली आणि स्वयंपाकाला लागले. कुकर गॅसवर असताना मनात आलं, हे आधीच कोणी बांधून ठेवलेलं नसेल कशावरून? तसं ते होतंच. उतरवलं, सोडलं, चार ओळी लिहिल्या, आणि पडद्यावर पान आलं. देखणं, सरळ, न घसरलेलं पान. मला तिथंच रडू आलं. आनंदानं रडण्याची सवय नसल्यामुळे मी कांदा चिरायला घेतला.

आमच्या भाताच्या मुलखात हा फरक कोणालाही चटकन समजतो. लावणीच्या वेळी शेतात कोणी बी घेऊन जात नाही. राबाच्या वाफ्यात रोपं तयार होतात, त्या रोपांच्या, म्हणजे आवणाच्या, जुड्या बांधून शेतात नेतात आणि लावतात. तयार बांधलेलं सॉफ्टवेअर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी राबात वाढलेलं आवण. कोणाच्या, ते मला माहीत नव्हतं. कुठल्या तरी देशात एक माणूस आपलं मशीन घरघरत ठेवून, चुका निस्तरून, माझ्यासाठी जुडी बांधून मोकळा झाला होता. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून माया आहे.

अट एकच, आवण शेताच्या जातीचं हवं. लिनक्सचा पूर्वज म्हणजे युनिक्स, त्याची कुळं पुष्कळ, आणि एकासाठी बांधलेलं दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून माझ्या पेन ड्राइव्हवर एक मोठं गाठोडं असतं ते सगळ्यांना सारखंच लागणारं: अक्षरांचे टंक, पानांचे नमुने, नियम. आणि त्याच्यासोबत पाच लहान गाठोडी, पाच तऱ्हांच्या मशिनींसाठी. एक साध्या, हल्लीच्या लिनक्सचं. एक अगदी जुन्या लिनक्सचं. एक नेरळच्या चित्रकाराच्या सफरचंदवाल्या मशीनचं. एक खोपोलीतल्या एकाचं, जो तळहाताएवढ्या बोर्डावर सगळा संसार चालवतो. आणि पाचवं कर्जतच्या एका हट्टी प्राध्यापकांसाठी, जे लिनक्सलाही कालचं पोर समजतात आणि मूळ युनिक्सच्या थेट वंशातलं काहीतरी वापरतात. सुट्या फायली पेन ड्राइव्हवर टाकल्या तर त्यांची चालण्याची परवानगी वाटेत गळून पडते, म्हणून सगळं गाठोडी बांधूनच न्यायचं.

मागच्या पावसाळ्यात, लावण्या उरकल्यावर, पोशीरहून एका शिक्षिकेचा फोन आला. माझी कीर्ती तिला त्या प्राध्यापकांनी सांगितली होती. ती पोशीरच्या शेतकरी घरातली, आणि तिची शाळा वर डोंगराच्या पायथ्याशी, एका वाडीवर. शाळेत एका कारखान्यानं दिलेली पाच जुनी मशिनी होती, सगळी एकाच जातीची, सगळ्यांवर हल्लीचं साधं लिनक्स. इंटरनेट नाही. मशिनींची खोली कोरडी होती, आणि तीच अडचण होती. पोषण आहाराच्या तांदळाची कोठी गळायला लागली होती आणि शाळा समितीच्या अध्यक्षबाईंना मशिनींच्या खोलीत तांदूळ ठेवायचा होता. येत्या बैठकीत ते ठरणार होतं.

"काकू, मशिनी बंद दिसल्या ना, तर खोली गेलीच समजा," ती म्हणाली. "आणि खोली गेली की मशिनी भंगारात. मी डीएडला जाईपर्यंत कळफलकाला हात लावला नव्हता. ह्या पोरींचं तसं नाय व्हायला पाहिजे."

तिनं मुलांकडून रानभाज्यांचं पुस्तक करायला घेतलं होतं. प्रत्येकानं घरी विचारून एकेक भाजी लिहून आणलेली: कुठे सापडते, कशी ओळखायची, कशी शिजवायची. टंकलेलंही होतं. पण त्या मशिनींवर जे काही होतं त्यात जोडाक्षरं फुटत होती आणि चित्र घातलं की पान घसरत होतं.

पान घसरतं म्हटल्यावर माझ्यापुढे विचार करण्यासारखं काही उरलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

स्कूटर खालच्या रस्त्याला लावून, चपला हातात घेऊन मी चिखलातून वर गेले. शाळेसमोरच्या अंगणात घोळका जमला होता. माणसं ओढ्यावरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून आली होती आणि त्यांचे वाटे चालले होते. सागाची पानं ओळीनं मांडलेली, घरटी एक, आणि प्रत्येक पानावर लहान-मोठ्या चिंबोऱ्या अशा बेतानं की एक ढीग दुसऱ्याहून उजवा दिसू नये. मग एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसरीनं एका ढिगावर हात ठेवून विचारलं, हा कुणाचा? पाठमोरीनं न बघता एका घराचं नाव घेतलं. ढीग त्या घराचा झाला. असे सगळे ढीग गेले, पानं रिकामी झाली. एक ढीग अशा म्हातारीचा होता जिला ओढ्यापर्यंत चालवत नाही. तो एका मुलीबरोबर तिच्या घरी पोचता झाला. ढिगांवर हात ठेवणारी, तिशी-पस्तिशीची, ठसठशीत कुंकवाची बाई म्हणजेच अध्यक्षबाई, असं शिक्षिकेनं मला हळूच सांगितलं.

त्या दिवशी वीज गेलेली होती आणि मला एका प्रकाशकाचं काम त्याच दिवशी द्यायचं होतं. मी शिक्षिकेला आणि मोठ्या मुलींना गाठोडं कसं सोडायचं, कुठे ठेवायचं ते समजावलं. आवणाचं उदाहरण दिलं. शिक्षिका शेतकऱ्याची, तिला ते लगेच पटलं. हे आवण कुणी केलं, असं एका मुलीनं विचारलं, तर मी म्हणाले की लांब राहणारा कोणीतरी आहे, मलाही माहीत नाही. लाल गोंड्याचा पेन ड्राइव्ह तिथंच ठेवून मी घरी आले.

बैठकीच्या दिवशी सकाळी शिक्षिकेचा फोन आला. आदल्या दिवशी तिला कर्जतला प्रशिक्षणाला बोलावलं होतं, म्हणून मुलींनीच काम उरकलं होतं. तीन नंबरच्या मशीनवर सॉफ्टवेअर चाललं होतं. बाकी चार नुसती म्हणत होती की ही फाइल चालवता येत नाही. आणि अध्यक्षबाईंचं म्हणणं असं, की पाचातलं एकच चालतं ना, मग ते एकच ठेवा, कपाटावर मावेल, म्हणजे खोली मोकळी. बैठक दुपारी होती.

मी माझा छोटा प्रिंटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि निघाले. वाटेत चौक गाव आलं, कर्जत गेलं, मी काही पाहिलं नाही. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. पाचही मशिनी एका जातीच्या. एकच गाठोडं पाच जागी सोडायचं. यात चुकण्यासारखं काय आहे? भाषण चांगलं झणझणीत झालं होतं.

खोलीत शिरले तर मुली पाचही मशिनींसमोर बसलेल्या, आणि दारात अध्यक्षबाई हातात सुतळी घेऊन. पोती किती मावतील ते मोजायला त्या कालही आल्या होत्या आणि आजही. मी एक नंबरच्या मशीनवर बघितलं. मोठं गाठोडं जागच्या जागी, आणि त्याच्या शेजारी सफरचंदवाल्या मशीनचं गाठोडं नीट सोडून ठेवलेलं. दोन नंबरवर प्राध्यापकांचं. तीनवर साध्या लिनक्सचं, योग्य ते. चारवर तळहाताएवढ्या बोर्डाचं. पाचवर जुनाट लिनक्सचं. सगळं अगदी मी सांगितलं होतं तसं, बिनचूक सोडलेलं. पाचांतलं कुठलं घ्यायचं, एवढंच मी सांगायला विसरले होते. मी पेन ड्राइव्ह लावून बघितला, तर तो रिकामा. त्यात एक फाइल नाही.

मी विचारलं, हे कोणी केलं?

"मी केलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. वाडीवर आपसात त्यांची बोली वेगळी आहे, माझ्याशी मात्र त्या खालच्या गावांसारखं बोलत होत्या. "पोरी भांडत व्हत्या, कुठलं गाठोडं कुठल्या मशिनीला म्हणून. मी म्हनलं, भांडायचं कशाला? मोठं गाठोडं गावकीचं, ते सगळ्यांना. लहान गाठोडी पाच, मशिनी पाच. एकेकीला एकेक. हिला भिंतीकडं उभी केली नि वाटे केले."

हिला म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलीला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती आणि अध्यक्षबाईंनी पडद्यावरच्या एकेका गाठोड्यावर बोट ठेवून विचारलं होतं, हा कुणाचा? आणि ती न बघता नंबर सांगत गेली होती. वाटे झाल्यावर पानावर काही उरत नाही, म्हणून पेन ड्राइव्हही रिकामा करून ठेवला होता. मुलींनी तो पुसूनही ठेवला होता, गोंड्यासकट.

माझं झणझणीत भाषण कुठे गेलं कोण जाणे. मला हसू आलं, ते आवरेना, आणि मी तिथल्या बाकावर बसले. प्राध्यापकांचं ते खानदानी गाठोडं या डोंगराखाली नशिबानं दोन नंबरच्या मशीनच्या वाट्याला आलं होतं. मी हसतेय म्हणून मुली हसायला लागल्या. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाटे चोख केले होते आणि त्यांना ते माहीत होतं.

मग मी त्यांना सांगितलं की वर तुमच्याकडे लवकर पिकणारं हळवं भात लावतात, खाली पोशीरला उशिरा पिकणारं गरवं. गरव्याचं आवण तुमच्या वरकस, पाणी न धरणाऱ्या जमिनीत लावलं तर काय होईल? दाणा धरायच्या आधी पाणी सरंल, त्या म्हणाल्या. मी म्हणाले, तसंच झालंय. पाचही शेतं एका जातीची आहेत आणि चारांत भलतं आवण लागलंय. हे त्यांना तत्काळ पटलं. त्यांनी सुतळी गुंडाळून कमरेला खोवली.

"मग ह्या चौघींना हळवं आनायचं कुठनं?"

मी म्हणाले, तीन नंबरकडून घेऊ. दुसरी वाट नव्हतीच. माझ्या घरी प्रत होती, पण घर खालापूरला आणि बैठक दुपारी.

"नाय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तो तिचा वाटा हाय."

तीन नंबरसमोर बसलेल्या दोघी मुलींनी कळफलकावर आडवे हात ठेवले. मी शिक्षिकेकडे बघितलं, ती खिडकीकडे बघायला लागली. ज्याच्या त्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, यावर ही वाडी उभी आहे, आणि मी बाहेरून येऊन तो नियमच मोडायला सांगत होते. मी समजावलं की हे चिंबोरीसारखं नाही. यातून दिलं तरी यातलं जात नाही. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्यांना काहीतरी विकायला आले आहे. शेवटी मी म्हणाले, फक्त एकदा करून बघू, कमी झालं तर मी स्वतः खालापूरहून भरून आणून देईन. त्यांनी मुलींकडे बघून मान हलवली. मुलींनी हात काढले.

मी तीन नंबरवरचं लहान गाठोडं पुन्हा बांधून पेन ड्राइव्हवर घेतलं. मग मुलींना म्हणाले, आता तुमचं बघा. त्यांनी बघितलं. गाठोडं जागेवर होतं. मशीनवर पान लावून बघितलं, पान लागलं. अध्यक्षबाई पुढे आल्या, पडद्याजवळ वाकल्या.

"पुन्हा एकदा करा बघू."

पुन्हा केलं. गाठोडं परत जागेवर. एका मुलीनं त्याचा आकार वाचून दाखवला, आधीचा आणि आताचा. जराही उणा नव्हता. मी ते एक नंबरवर सोडलं, तिथंही पान आलं, आणि तीन नंबरचं तरीही तसंच. अध्यक्षबाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तांदूळ असा असता तर मी खोली मागाया आलेच नसते."

आता खोलीत सगळेच हसले आणि त्याही हसल्या. त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. एक नंबरवाल्या मुलींनी दोन नंबरला दिलं, दोननं चारला, चारनं पाचला, आणि प्रत्येकीनं देऊन झाल्यावर आपलं जागेवर आहे ना ते बघून घेतलं. मी आपली बाकावर बसून चहा प्यायले. मी आयुष्यात एवढ्या मशिनींवर ते सॉफ्टवेअर चढवलंय, पण पाच मशिनींनी ते एकमेकींना असं हसत दिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बैठकीला माणसं जमायला लागली तेव्हा प्रिंटर चालू झाला होता. पहिलं पान निघालं ते अध्यक्षबाईंच्या मुलीचं, शेवळाच्या भाजीचं. वर तिनं काढलेलं शेवळाचं चित्र, खाली मजकूर, जोडाक्षरं अखंड. मुलीनं ते आईला वाचून दाखवलं. आता कौतुक होणार म्हणून शिक्षिका आणि मी दोघीही तयारीत होतो.

"काकडं कुठं हायत?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

शेवळाबरोबर काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर भाजी घशाला खाजते. मुलीनं ते लिहिलंच नव्हतं. घरी सगळ्यांना माहीत असतं म्हणून तिला लिहावंसं वाटलं नव्हतं. अध्यक्षबाईंचं म्हणणं, वाचणाऱ्याला काय माहीत, त्याचा घसा खाजला की तो आपल्या वाडीला शिव्या देणार. त्या सांगत गेल्या, मुलगी टंकत गेली. काकडं किती, कधी घालायची, कशी चेचायची. मजकूर दुप्पट झाला. मी श्वास रोखून बघत होते, कारण सवय वाईट असते. पण पान घसरलं नाही. चित्र वर जागेवर राहिलं, ओळी आपसूक बसल्या, आणि प्रिंटरमधून कोरडं, सरळ पान बाहेर आलं. अध्यक्षबाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी आत्ता तोंडानं सांगितलेलं वाक्य छापून त्यांच्या हातात होतं.

मग बैठकीला आलेल्या प्रत्येकाला आपल्या घरचं पान बघायचं होतं, आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी चुकलेलं सापडत होतं. एकाचं म्हणणं, कुरडू कोवळाच खुडायचा हे लिहा. दुसऱ्याचं, भारंगीची पानं दोनदा उकळून पाणी टाकायचं, नाहीतर कडू लागेल. एक म्हातारा तर शेजारणीचं पान दुरुस्त करायला निघाला, त्यावरून दोघांची जुंपली, आणि शेवटी दोन्ही रीती छापायचं ठरलं. मुलींची बोटं थांबत नव्हती. बैठक कधी सुरू झाली आणि कधी संपली ते कळलं नाही. जाताना शिक्षिकेनं धीर करून विचारलं की मग खोलीचं काय.

"खोलीचं काय?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "खोली ह्यांची. कोठीचं छप्पर आमी बघतो."

शिक्षिका माझ्याकडे वळली आणि तिनं मला घट्ट मिठी मारली, सगळ्यांसमोर, माझ्या ओल्या रेनकोटसकट. ती रडत होती आणि हसतही होती. मी तिला म्हणाले, कांदा असेल तर चिरायला घे. तिला काही ते कळलं नाही.

श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा वाडीनं छप्पर केलं. शाकारणी पावसाआधी करायची असते, भर श्रावणात कोणी छपरावर चढत नाही, पण हे चढले. घरटी चार-चार कौलं आली, कोणाची नवी, कोणाची गोठ्यावरून काढलेली, त्यामुळे कोठीचं छप्पर आता ठिगळांच्या गोधडीसारखं दिसतं. पण आत थेंब नाही. तांदळाची पोती आपल्या जागी गेली. त्याच दिवशी मी पुस्तकाच्या प्रती घेऊन वर गेले होते. दुपारी काम संपल्यावर अंगणात पुन्हा सागाची पानं मांडली गेली. या वेळी करटोली होती, सकाळी रानातून आणलेली, हिरवीगार, आणि प्रत्येक ढिगाशेजारी एक पुस्तक.

अध्यक्षबाईंची मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हा कुणाचा, हा कुणाचा, करत घरं संपली. एक वाटा शिक्षिकेचा निघाला. एक माझा निघाला. तरी शेवटी एक पान उरलंच. करटोली तेवढीच, पुस्तकही तेवढंच. मी विचारलं, हा कोणाचा, त्या म्हातारीचा का? तर तिचा कधीच गेला होता.

"तुमीच सांगितलंत ना पोरींना, आवण केलं तो लांब राहतो म्हनून," अध्यक्षबाई म्हणाल्या. "लांब राहतो म्हनून वाटा ठेवायचा नाय व्हय?"

मी म्हणाले की तो कोण, कुठला, मला खरंच माहीत नाही. त्यांनी सागाच्या पानाची पुडी वळली, खोलीच्या मापाची ती सुतळी तिला बांधली आणि पुडी माझ्या हातात दिली.

"घर माहीत नसंल तर विचारायचं. पोचवल्याबिगर खाऊ नका."

घरी आल्यावर मी हातपाय न धुता पत्र लिहायला बसले. ते सॉफ्टवेअर बांधणाऱ्या मंडळींचा एक पत्ता आहे, तिथे लोक अडचणी कळवतात. मी कधीच काही कळवलं नव्हतं. मी लिहिलं की डोंगराखालच्या एका वाडीनं तुमचा वाटा काढला आहे, एक पुस्तक आणि एक पुडी करटोली, आणि तो माझ्याकडे आहे. पुस्तक सोबत जोडलं, करटोल्यांचा फोटो जोडला. करटोलं म्हणजे काय ते समजावताना माझी दमछाक झाली.

सकाळी उत्तर आलेलं होतं. साध्या लिनक्सचं ते गाठोडं बांधणाऱ्या माणसाचं. नोकरी सांभाळून, घरच्या मशीनवर तो कित्येक वर्षं ते बांधतोय. पुस्तकातलं त्याला एकही अक्षर वाचता आलं नव्हतं, पण त्यानं सगळी पानं शेवटपर्यंत पाहिली होती, आणि पानं सुंदर लागली आहेत असं त्यानं लिहिलं होतं. इतक्या वर्षांत तक्रारी पुष्कळ आल्या, वाटा पहिल्यांदाच आला, असंही. भाजी टिकणार नाही असं फोटोवरून वाटतंय, तेव्हा ती माझ्या वतीनं तुम्ही खा, अशी त्याची विनंती होती.

मी ते पत्र अध्यक्षबाईंच्या मुलीला फोनवर मराठीत वाचून दाखवलं, आणि मग करटोली चिरायला घेतली. दोन्ही वाटे दोन वेगळ्या कढयांत, ओलं खोबरं घालून परतले, गरम भाकरी केली. वासावर नवरा स्वयंपाकघरात आला आणि ताट घेऊन बसला. त्याला मी आमच्या वाट्याची वाढली. ही दुसरी कढई कोणाची, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, आणि ती सगळी मी एकटीनं खाल्ली.